जरा टेकते

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. हे माझ्यासोबत घडलंय.

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. घरच्यांनाही खोटंच वाटलं होतं. म्हणून दोन वर्षं मी गप्प बसले.

तारीख १४ मे २०२३. रविवार. जागा अमरावती, राजापेठ. वेळ दुपारी तीनच्या आसपासची.

हो, दुपार. अंधार नव्हता, अमावस्या नव्हती. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं आणि रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

मी प्रणाली. मूळची अकोल्याची. तेव्हा मी राजापेठेत एका फोटो गॅलरीत काम करायची. खाली झेरॉक्सचं दुकान, पहिल्या मजल्यावर ट्यूशन क्लास आणि दुसऱ्या मजल्यावर आमचा हॉल. नाव 'कवडसा'. एका ट्रस्टची गॅलरी होती ती. तिकीट नाही, विक्री नाही. ज्या पोरापोरींचे फोटो अजून कुठेच लागलेले नाहीत, त्यांचे आम्ही लावायचो. ट्रस्टचे प्रमुख भगवंतराव. कॉलेजातून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो.

सर मला चारचौघांत 'ही माझी पोरगी' म्हणायचे.

मला ते खरं वाटायचं.

तिथेच मला जयवंता भेटली. पातूरची. वय चोवीस. नाव पणजीचं ठेवलेलं, त्यामुळे कॉलेजात सगळे हसायचे. वडील संघपालकाका पातूरला शाळेत शिपाई. तिच्याकडे एक जुना, कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा होता. त्याचं बटण दाबलं की आधी 'खट्' व्हायचं आणि मग क्षणभर थांबून 'किर्र'. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. कितीतरी वेळा एकाच ताटात जेवलोय.

जयवंता फक्त बायांचे फोटो काढायची. तेही दुपारचे. सकाळपासून राबणाऱ्या बाया दुपारी पाच मिनिटं कुठेतरी बसतात ना, ते. निंबाखाली भाजीची पाटी बाजूला ठेवून बसलेली. जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यावर बसलेली. वीटभट्टीवर बसलेली. रिद्धपूरला फुटाण्याच्या गाडीखाली सावलीत बसलेली. तिने त्या सगळ्या फोटोंना मिळून एक नाव दिलं होतं...

'जरा टेकते.'

कॅमेरा दिसला की बाया लाजून उठायला लागायच्या. मग जयवंता म्हणायची, "उठू नोका मावशी. बसा, बसा. तुमी बसलेल्याच पायजे मले."

खट्... किर्र.

"झालं मावशी. उठा आता."

हे शब्द मी शंभरदा ऐकलेत. म्हणून सांगते, मला भास झाला नव्हता.

त्यात एक फोटो तिच्या आईचा होता. दुर्गाबाईंचा. घराच्या उंबरठ्यावर गोधडीची घडी टाकून बसलेल्या. आजारपणातला शेवटचा उन्हाळा. मी पातूरला गेले की त्या "जेवली का वं?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत ताट वाढायच्या. फोटो काढल्यावर दोन महिन्यांनी त्या गेल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या गॅलरीला एक मोठी संधी आली. बाहेरच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती होती, उदयोन्मुख फोटोग्राफरसाठी. अमरावतीत प्रदर्शन, मग दिल्लीत. कोणाचं नाव द्यायचं ते आम्ही ठरवायचं आणि फेब्रुवारीत कळवायचं. सरांनी सगळ्यांसमोर जयवंताचं नाव जाहीर केलं. ती त्या दिवशी जेवलीच नाही. नुसती रडत होती.

जानेवारीत ती चार दिवसांसाठी गावी निघाली. जाताना मला तिची हार्ड डिस्क दिली.

"याच्यात सगळं हाये. कोनालेच देऊ नोको. सरालेही नाई. मी आली का आपन दोघी मिळून निवडू."

"सरांना काहून नाही?" मी हसले.

"मले मायेच हात लागले पायजेत पयले. बस."

ती परत आलीच नाही.

चुलतभावाच्या गाडीवर मागे बसून येत होती. बोरगाव मंजूजवळ टिप्परने उडवलं. भाऊ वाचला. ती जागेवरच गेली. कॅमेऱ्याचे तुकडे मी स्वतः एका प्लास्टिकच्या पिशवीत पाहिलेत.

पंधरा दिवसांनी सरांनी मला बोलावलं. त्यांचे डोळे ओले होते.

"प्रणाली, तिची डिस्क तुझ्याकडे आहे ना? दे. तिचं काम लोकांपुढं आलं पाहिजे. आपण एवढंच करू शकतो तिच्यासाठी."

मी दिली.

ती नको म्हणाली होती, तरी दिली. सरांना नाही द्यायची तर कुणाला, असं वाटलं मला.

एप्रिलच्या शेवटी फ्रेम तयार होऊन आल्या. सोबत नावाच्या छापील पट्ट्या. बावीस फोटो, बावीस पट्ट्या. मी पाकीट उघडलं...

प्रत्येक पट्टीवर एकच नाव होतं. श्याम.

श्याम सरांचा पुतण्या. पुण्याहून फोटोग्राफीचा कोर्स करून आलेला. पातूर त्याने नकाशातही पाहिलं नसेल.

मी पट्ट्या घेऊन सरांच्या घरी गेले. सर शांत होते. त्यांनी मला पाणी दिलं.

"शिष्यवृत्ती उदयोन्मुखांसाठी आहे, पोरी. उदयोन्मुख म्हणजे जो पुढे येणार आहे. ती आता कुठून येणार? आपण नाव दिलं नसतं तर पुढच्या वर्षी त्यांनी आपल्याला विचारलं नसतं. गॅलरी बंद पडली असती. म्हणून श्यामचं नाव दिलं. पुढे आपण पुस्तक काढू. पहिल्याच पानावर जयवंताचं नाव. माझा शब्द आहे तुला."

"पण सर, तिच्या वडिलांना..."

"त्यांना मी बोलेन. तू नको त्यात पडू."

मी घरी आले. रात्रभर विचार केला. आणि सरांवर विश्वास ठेवला.

खरं सांगू? विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

शुक्रवारी, बारा मेला, संध्याकाळी उद्घाटन होतं. दुपारी अडीचला मी एकटी हॉलमध्ये पट्ट्या चिकटवत होते. क्लासला सुट्टी होती. झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढून झोपलेला. तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद झाला.

एकदम शांत.

मी दुर्गाबाईंच्या फोटोखाली पट्टी चिकटवली. अंगठ्याने दाबली.

आणि मागे...

खट्.

मी तशीच उभी राहिले. वाटलं, फ्रेमचा खिळा निघाला असेल.

...किर्र.

मी वळून बघितलं. हॉल रिकामा होता. बावीस फोटो आणि मी.

मी धावत बाहेर आले. जिन्यावर सुभद्राबाई बसल्या होत्या. आमच्याकडे झाडूपोछा करायच्या त्या. बादली बाजूला ठेवून पदराने वारा घेत होत्या.

"आत काहून नाही आल्या?" मी विचारलं.

"तुमच्याकडे बाया बसल्या ना आत. म्हनलं, जाऊ द्या त्यायले, मंग पुसतो."

"कोणत्या बाया?"

"मले काय माईत? कोनी तरी 'बसा बसा, उठू नोका' म्हनून राहिलं होतं. तुमीच नं?"

मी नव्हते.

मी त्यांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी उद्घाटन झालं. हार, भाषण, टाळ्या. श्यामने माईकवर सांगितलं की तो या बायांमध्ये दोन वर्षं राहिला. लोक भारावून ऐकत होते. सर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवार उजाडला. दुपारी एकच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली आणि दारात संघपालकाका उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. घामाने पाठीला चिकटलेला. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती, दोन एसट्या बदलून आलेले.

हातात पेढ्यांचा डबा होता.

"प्रणाली, गावात पोट्टे म्हनत होते, जयवंताचे फोटो लागले अमरावतीले." ते हसले. मुलगी गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "मले काहून नाई कळवलं वं?"

सर त्यांना काही बोलले नव्हते. एक शब्दही नाही.

काका आत गेले. एकेक फोटो बघत बघत दुर्गाबाईंच्या फोटोपाशी थांबले. खूप वेळ थांबले. मग त्यांनी खाली वाकून पट्टी वाचली. परत वाचली. शेजारच्या फोटोची वाचली.

"हा श्याम कोन हाये?"

श्याम कॉलेजच्या दोन मुलींना काहीतरी समजावत होता. सर खुर्चीतून उठले.

"या, या. बसा. काय झालं?"

"सायेब, हा फोटो मायी पोरगी जयवंतानं काढला. हे मायी बायको हाये."

"तुमचा गैरसमज होतोय, काका. उंबरठ्यावर बसलेली बाई वऱ्हाडात कुठेही दिसते. चेहरे सारखे असतात."

"चेहरे?" काकांचा आवाज चढला नाही. "अठ्ठावीस वर्षं संसार केला म्या हिच्यासंग. हे लुगडं म्या घेतलं, अकोल्याहून. मांगची भित मायी हाये. तिचा पोपडा म्या लिपला. तुमी मले चेहरे सांगता?"

मग काका माझ्याकडे वळले.

"तू आल्ती ना घरी? तू जेवली हिच्या हातचं. सांग यायले. कोन हाये हे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. मी काय बोलणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

मी म्हटलं, "काका... मला नीट आठवत नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. डबा न उघडता, तसाच हातात घेऊन ते जिना उतरून गेले.

पाहुणे पांगले. सर मला पाठीवर थोपटून म्हणाले, "शहाणी आहेस." आणि श्यामला घेऊन जेवायला गेले.

मी दाराजवळच्या टेबलाशी एकटी बसले. मला रडू येत नव्हतं. तीन वाजायला आले होते.

लाइट गेली. कूलरचं पातं हळूहळू थांबलं.

मी उठणार होते. पाय उचलेना.

खट्...

...किर्र.

आणि मग आवाज आला. अगदी जवळून. थकलेला, पण तिचाच.

"झालं मावशी..."



"...उठा आता."

आधी काहीच झालं नाही.

मग हॉलच्या पार टोकाला कुणाचा तरी गुडघा कट्कन वाजला. "आई गं..." असा सुस्कारा. मग बांगड्या. मग पदर झटकल्याचा आवाज.

मग दुसरीकडे. तिसरीकडे. भिंतीच्या या बाजूला, त्या बाजूला.

बाया उठत होत्या.

कुणी खोकली. कुणी पाटी उचलली. कुणी गुडघ्यावर हात टेकून उठताना 'हुं' म्हणाली. दिसत काही नव्हतं. नुसते आवाज. आणि वास... सरकीचा, विटांच्या धुळीचा, घामाचा.

अनवाणी पावलं माझ्या टेबलाजवळून जिन्याकडे जायला लागली. एकामागून एक. घाई नव्हती. काम संपवून घरी निघाल्यासारखी. एकही माझ्यापाशी थांबली नाही. मी डोळे घट्ट मिटून पावलं ऐकत होते.

शेवटी एकच राहिली. तिचं पाऊल जड होतं. दर दोन पावलांवर थांबत होती. श्वासाला घरघर होती. तो श्वास मी ओळखत होते. पातूरच्या घरात, शेजारच्या खाटेवर झोपून मी तो ऐकलाय.

ती माझ्या टेबलासमोर आली...

आणि थांबली.

मी वाट बघत होते. 'जेवली का वं?' म्हणेल. काहीतरी म्हणेल. शिवी देईल.

ती काहीच बोलली नाही. बराच वेळ नुसती उभी होती. मग जड पावलं जिना उतरून गेली.

लाइट आली. कूलर सुरू झाला. मी डोळे उघडले आणि हॉलमध्ये पाहिलं.

निंबाखाली भाजीची पाटी होती. बाई नव्हती.

सरकीचं पोतं होतं. त्यावर बसल्याचा खळगा होता. बाई नव्हती.

फुटाण्याच्या गाडीखाली नुसती सावली.

पातूरच्या उंबरठ्यावर गोधडीची घडी होती, मधोमध दबलेली. दार उघडं होतं. आत अंधार होता.

बावीस फोटो. एकातही कुणी नव्हतं.

मी किंचाळले की नाही मला आठवत नाही. खालचा झेरॉक्सवाला धावत वर आला, म्हणजे किंचाळले असेन. त्यानेच सरांना फोन केला.

सर आले, श्याम आला. मी दुर्गाबाईंच्या फोटोकडे बोट दाखवलं. "सर, इथे कोण दिसतं तुम्हाला?"

"म्हणजे काय? दुर्गाबाई दिसते ना!" सर म्हणाले.

आणि जीभ चावली.

म्हणजे त्यांना नावही ठाऊक होतं. दोन तासांपूर्वी त्याच बाईच्या नवऱ्याला ते म्हणाले होते की चेहरे सारखे असतात.

श्यामला सगळे फोटो ठीक दिसत होते. झेरॉक्सवाल्यालाही. "ऊन लागलं हिला," सर म्हणाले. "घरी पाठवा."

मी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. उंबरठा रिकामाच होता.

त्याच संध्याकाळी मी अकोल्याला घरी आले. चार दिवस ताप होता. आईने कैरीचं पन्हं पाजलं, ओल्या टॉवेलने अंग पुसलं. ताप उतरला त्या दिवशी मी कुणाला न सांगता पातूरची एसटी धरली.

संघपालकाका घरीच होते. त्यांनी मला आत घेतलं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी तोच फोटो. छोटा. जयवंताने आईला स्वतःच्या हाताने छापून दिलेला.

मी घाबरत घाबरत वर पाहिलं.

दुर्गाबाई होत्या. उंबरठ्यावर, गोधडीवर, जशाच्या तशा.

मला हुंदका फुटला. मी फोटोकडे पाठ करून काकांसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. डिस्कचं, पट्ट्यांचं, पुस्तकाच्या थापेचं. गॅलरीत जे झालं तेही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"काका, मला माफ करा."

ते स्वतःच्या हातांकडे बघत बोलले.

"तो मास्तर चोर हाये. चोराचा राग येते, पन चोराकून मानूस आस नाई ठेवत. त्याले म्या काई इचारलंच नोतं." त्यांनी मान वर केली. "म्या तुले इचारलं होतं."



"तुले मी घरची समजत होतो वं पोरी."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. भिंतीकडे. त्यांचा चेहरा बदलला. घाबरले नाहीत ते. माणूस दारात कुणी आलं की बघतो, तसे बघायला लागले.

माझ्या पाठीमागे, अगदी हळू...

"आई गं..."

बांगड्या वाजल्या.

"जाय तू," काका म्हणाले. नजर तिथेच होती. "आता जाय."

मी मागे वळून पाहिलं नाही. चप्पल हातात घेऊन स्टँडपर्यंत चालत आले. रस्ता पोळत होता, ते एसटीत बसल्यावर कळलं.

त्या भिंतीवर काकांनी काय पाहिलं, मला माहीत नाही. नंतर मी त्यांना खूप फोन केले. त्यांनी एकही उचलला नाही.

मी त्या संस्थेला सगळं लिहून कळवलं. त्यांनी पुरावा मागितला. डिस्क सरांकडे होती. विषय तिथेच संपला. दिल्लीचं प्रदर्शन झालं. श्यामचा सत्कार झाला. सरांची मुलाखत पेपरात आली. पुस्तक आजवर निघालेलं नाही. त्यांच्यापैकी कुणाला कधी काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. दोघंही मजेत आहेत. गॅलरीही चालू आहे.

मी आता अकोल्यात एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दुपारी जेवायच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं, तेव्हा मी तिथे एकटी बसत नाही, उठून बाहेर फाटकाशी जाऊन उभी राहते. उन्हात. लोक हसतात.

सरांचा मला राग येतो. मरेपर्यंत येईल.

पण भीती त्यांची वाटत नाही. भीती जयवंताची वाटते. कधी झोपेत ती जवळ असल्यासारखं वाटतं आणि मी अंग चोरून घेते... जिच्याशिवाय मला घास उतरत नव्हता, तिच्यापासून.